मागच्या सीटवरची वाळू

समोरचा माणूस बोलत असला की त्याच्या डोळ्यांकडे बघावं, एवढा शिष्टाचार आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतो. विमानवाले मात्र समोरच्याच्या केसांकडे बघत. केस कुठल्या बाजूला उडताहेत आणि किती, यावरून त्यांना वारा कळे. माझ्या डोक्यावर केस नावालाच उरलेत. त्यामुळे पहिल्या भेटीत, हा माणूस आपल्याकडे नीट बघतही नाही, शिष्ट दिसतो, असं माझं मत झालं. पुढे कळलं की ते माझ्या शर्टाच्या कॉलरवर भागवत होते.

अंधेरीच्या एमआयडीसीत माझा स्क्रीन प्रिंटिंगचा गाळा आहे. यंत्रांवरच्या पट्ट्या, मीटरच्या तबकड्या, 'हात लावू नये'च्या पाट्या, असलं काहीबाही मी छापतो. शेजारच्या गाळ्यात पूर्वी रबराचे वॉशर बनत. ते बंद पडलं आणि एक दिवस तिथे एक उंच, वाळके, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ टेम्पोतून लांबच लांब पाईप उतरवून घेताना दिसले. मला वाटलं, मंडपवाले असतील. काय बनवणार म्हणून विचारलं, तर माझ्या कॉलरकडे बघत म्हणाले, "विमान." मी "बरं" म्हटलं. एमआयडीसीत कोण काय बनवतो यावर तोंड वासायचं नसतं. "दोन माणसांचं," ते पुढे म्हणाले, "मी पुढे, आमची ही मागे." त्या दिवसापासून अख्ख्या इस्टेटीत ते विमानवाले झाले. समोरासमोर मी त्यांना काका म्हणायचो, पण मनात नाव तेच राहिलं.

माणूस मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत. विमानवाल्यांची सगळी नोकरी विमानतळावर मोठ्या विमानांच्या देखभालीत गेली. "आयुष्यभर विमानांची पोटं साफ केली, नाकाशी बसायला कुणी बोलावलं नाही," असं ते म्हणत. निवृत्त झाल्यावर ते आधी उडवायला शिकले आणि मग नकाशे मागवून स्वतःचं विमान बांधायला बसले. पाईपांचा सांगाडा, लाकडी फासळ्यांचे पंख, त्यावर ताणलेलं कापड आणि पुढे एक छोटं इंजिन. परवानग्यांसाठी त्यांनी किती उंबरे झिजवले ते सांगत बसलो तर विमान कधी उडणारच नाही, तेव्हा ते सोडून देतो.

राहायला ते पार्ल्यात. तिथला बिस्किटांचा कारखाना चालू होता तोवर त्यांना घरबसल्या वारा कळत असे. वास स्वयंपाकघराच्या खिडकीतून आला तर वारा एक, पुढच्या खोलीतून आला तर दुसरा. कारखाना बंद झाला तेव्हा सगळे पार्लेकर लहानपण गेलं म्हणून हळहळले. विमानवाले म्हणाले, "माझा विंडसॉक गेला." विंडसॉक म्हणजे विमानतळावर खांबाला अडकवलेली ती केशरी कापडी बाही, वारा कुठून येतो ते दाखवणारी. तेव्हापासून ते लोकांच्या केसांवर आले असावेत.

काकू पहिल्यांदा गाळ्यात आल्या त्या पंख शिवायला. बँकेतून निवृत्त झालेल्या, सगळी नोकरी काउंटरवर काढलेली. समोरच्याला दोन वाक्यांत मोकळं करायची त्यांना सवय. पंखाच्या फासळ्यांवर कापड ताणलं की ते दोऱ्यानं फासळीला शिवावं लागतं. पंख उभा करायचा, एकानं ह्या बाजूला बसायचं, दुसऱ्यानं त्या बाजूला. भली लांब सुई ह्यानं आत सारायची, त्यानं पलीकडून ओढायची, गाठ मारायची, परत पाठवायची. दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नसत, कापडाच्या आडून नुसता आवाज.

"ओढ."

"ओढली. भाजीला काय आणायचं?"

"गाठ मार आधी."

"मारली. भाजीला काय, विचारलं मी."

माझा स्वतःचा संसार दोन वर्षांत आटोपला. त्या पंखाच्या आडून मी ह्या दोघांचा जेवढा ऐकला, तेवढा माझा केलाही नसेल. कधीकधी काम नसतानाही मी त्यांच्या दाराशी चहाचा कप घेऊन उभा राहायचो.

एकदा मी काकूंना विचारलं, "काकू, वर जाऊन काय बघायचंय तुम्हांला? समुद्र?" त्या सुईत दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "समुद्र जुहूला दिसतो. मला माझे टाके बघायचेत. पंख डोक्यावर असतो ना, मागच्या सीटवरून खालची शिवण दिसते म्हणे. उडताना टाके कसे दिसतात, ते बघायचंय." एवढंच त्यांचं मागणं. पलीकडून विमानवाले म्हणाले, "नेणार ना. आडव्या वाऱ्यात हात बसू दे एकदा."

हा आडवा वारा काय असतो ते मला समजावण्यासाठी त्यांनी मला वर्सोव्याच्या तरीत बसवलं. पलीकडे मढच्या धक्क्याला जायचं, पण होडीवाल्यानं नाक धक्क्याच्या बरंच बाजूला धरलं होतं. पाणी होडीला बाजूला ढकलत होतं आणि होडी तिरकी राहून बरोबर धक्क्याला लागली. "बघितलंत? वारा बाजूनं आला की विमानही असंच तिरकं आणायचं. फक्त होडीला चाकं नसतात. विमान तिरकं टेकलं तर चाकं मोडतात. म्हणून टेकायच्या त्या एका क्षणी पायानं नाक सरळ करायचं, आणि वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूचा पंख खाली दाबायचा. ते चाक आधी, मग दुसरं, मग शेपटाचं. वाऱ्याशी भांडायचं नाही. खांदा देऊन उभं राहायचं." येतानाच्या फेरीतही त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. होडीतल्या मासळीवाल्या बाया आम्हां दोघांकडे, ही कुठली जोडी, अशा नजरेनं बघत होत्या.

विमान तयार झालं आणि घाटावरच्या एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या धावपट्टीवर गेलं. ती पट्टी कारखान्याच्या कुणा जुन्या अध्यक्षाच्या हौसेसाठी केलेली. करताना वाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं, जिकडे जमीन होती तिकडे पट्टी झाली. दोन टेकड्यांच्या खिंडीतून वारा बरोबर तिच्यावर आडवा येई. माझ्याकडे व्हॅन होती आणि माझे रविवार रिकामे होते. घटस्फोट झालेल्या माणसाचे शनिवार कसेबसे जातात, रविवार जात नाहीत. त्यामुळे दर रविवारी पहाटे विमानवाल्यांना पार्ल्यातून उचलून घाटावर न्यायचं, शेपूट धरायचं, दोर बांधायचे, ही कामं मी आपखुशीनं अंगावर घेतली.

नव्या विमानाचे सुरुवातीचे काही तास उडून होईपर्यंत त्यात दुसरा माणूस न्यायचा नाही, असा नियम होता. पण मागच्या सीटवर वजन असलं की शेपूट जड होतं, आणि आडव्या वाऱ्यात टेकल्यावर ते शेपूट पुढे धावायला बघतं. विमान गर्रकन फिरतं, पंख मोडतो. म्हणजे सराव करायचा तर मागे वजन हवं, आणि ते अगदी काकूंएवढं हवं. विमानवाल्यांनी वाळूची पिशवी केली. वाळू चौपाटीची नाही. "समुद्राच्या वाळूत मीठ, मीठ धातू खातं." पार्ल्यात पाडून नव्या होणाऱ्या इमारतींपैकी एकीवरून त्यांनी नदीची वाळू मिळवली, धुतली, वाळवली, चाळली. पिशवी पंखाच्या उरलेल्या कापडाची, काकूंनीच दुहेरी शिवण घालून शिवलेली. शिवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "घ्या. माझी सवत मीच शिवली."

आणि मग दर शनिवारी एक सोहळा सुरू झाला. सकाळी घरी विमानवाले काकूंना काट्यावर उभं करत. दुपारी पिशवी घेऊन माझ्या गाळ्यात येत, कारण पार्सलं तोलायचा मोठा काटा माझ्याकडे. काकूंचं वजन त्या आठवड्यात जितकं असेल तितकी पिशवी करायची, मूठ-मूठ वाळू घालायची किंवा काढायची. गणपतीनंतर थोडी घालावी लागे. काकू सोबत असल्या तर वैतागत. "बँकेत खातेदाराचा बॅलन्ससुद्धा आम्ही कधी ओरडून सांगितला नाही. आणि हे बायकोचं वजन तिसऱ्याच्या गाळ्यात जाहीर करतायत!"

"तोल चुकला तर?" विमानवाले म्हणत.

"तुमचा कधीच चुकलाय," काकू म्हणत, आणि माझ्याकडे बघून हसत.

ते सुरुवातीचे तास कधीच भरले. परवानगी आली. पण विमानवाले काही काकूंना नेईनात. उतरताना वाऱ्यानं जरा धक्का दिला, विमान हातभर उडालं, की ते इंजिन बंद करून तसेच बसून राहत आणि मग वाऱ्याला मालवणीत शिव्या घालत. एरवी त्यांची भाषा शुद्ध पार्ल्याची, पण वाऱ्याशी ते आईच्या भाषेत बोलत. "शिरा पडो तुज्या तोंडार!" मग मला सांगत, "हात अजून बसला नाही." मला तर ते उत्तम उतरवताहेत असंच वाटे. पण मी पाट्या छापणारा माणूस. मी काय बोलणार?

एका रविवारी पिशवीची एक शिवण उसवली आणि वाळू व्हॅनमध्ये सांडली. विमानवाल्यांनी माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. "वजन किती तुमचं?" मी सांगितलं. "जास्त आहे. चालेल. बसा." मी बसलो. वर गेल्यावर काय दिसलं ते मी सांगू शकत नाही, कारण मी विमानवाल्यांच्या मानेकडे बघत होतो. उतरताना खिंडीतला वारा सुरू झाला होता. विमान तिरकं झालं आणि धावपट्टी मला बाजूच्या खिडकीतून दिसायला लागली. समोर नुसता ऊस. आपण उसात चाललोय असं वाटून मी डोळे मिटून घेतले. विमानवाल्यांचा आवाज तेवढा येत होता, रेसिपी सांगावी तसा शांत. "आता नाक सरळ. पंख खाली. हे एक चाक. हे दुसरं." चाकं टेकली तसं मी हुश्श केलं. "हुश्श नका करू," ते म्हणाले. "थांबेपर्यंत उतरणं संपत नाही."

संध्याकाळी पार्ल्याला त्यांच्या घरी चहा घेताना ती गोष्ट माझ्या तोंडून निघून गेली. काकूंच्या हातात बशी होती. त्यांनी ती खाली ठेवली.

"ह्यांना नेलंत?"

विमानवाले कपात बघत राहिले.

"आडव्या वाऱ्यात?"

"होता थोडा."

"हे चालतात. मी नाही चालत."

तेव्हा विमानवाल्यांनी मान वर केली आणि चक्क काकूंच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "ह्यांना काही झालं असतं तर मी तुझ्यापाशी येऊन रडलो असतो. तुला काही झालं तर कुणाकडे जाऊ?"

मी समोर बसलोय, माझ्याच मरणाची वाटणी चालली आहे, याचं त्या दोघांना भान नव्हतं. मला रागही आला नाही. कुणी कुणाला असं म्हणताना मी तोवर ऐकलं नव्हतं. मग काकू माझ्याकडे वळल्या. "टाके कसे दिसत होते हो?" मी खरं ते सांगितलं, की डोळे मिटले होते. त्या हसायला लागल्या. "घ्या! नेला तोही मेला डोळे मिटून बसला."

पण काकू अशा सोडणाऱ्या नव्हत्या. मोबाईलवर वाऱ्याचा अंदाज दाखवतात, तो त्या रोज बघायला लागल्या. विमानवाल्यांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. थंडी सुरू झाल्यावर एका शनिवारी त्यांनी फोन नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "उद्या सकाळी वारा नाही. बघा. मी येणार." आणि आल्या. पंजाबी ड्रेस, पायांत नवे बूट, केसांना घट्ट बांधलेला निळा स्कार्फ. धावपट्टीवर पोचलो तेव्हा खरंच पान हलत नव्हतं. विंडसॉक वाळत घातलेल्या पायजम्यासारखा खांबाला लोंबत होता. काकू विमानाजवळ गेल्या, हात वर करून पंखाच्या शिवणीवरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "कुठे चढायचं?"

"एक फेरी बघून येतो. मग तू," विमानवाले म्हणाले.

"वारा नाहीये हो."

"वर जाताना नाहीये. येताना असेल तर? वाऱ्याला कोण सांगणार, आज पाहुणी आहे म्हणून."

त्यांनी पिशवी मागच्या सीटवर बसवली, पट्टा बांधला आणि गेले. आम्ही दोघं पट्टीच्या कडेला उभे. काकू मान वर करून बघत होत्या, एका हातानं स्कार्फची गाठ धरून. विमान फिरून आलं, खाली खाली आलं, आणि अगदी टेकता टेकता खिंडीतून वाऱ्याचा एक झोत आला. एकच. वाऱ्याकडचा पंख उचलला गेला, नको ते चाक आधी लागलं, विमान उडालं, परत टेकलं आणि सरळ धावत जाऊन थांबलं. काहीच झालं नाही. त्या झोतानंतर पुन्हा पान हललं नाही. विमानवाले उतरून आले. चेहरा राखेसारखा.

"पुढच्या रविवारी," ते म्हणाले.

काकूंनी स्कार्फ सोडला. चारी टोकं जुळवून घडी घातली, पर्समध्ये ठेवली. "थालीपिठं गार होतायत. खाऊन घ्या." परतताना विमानवाले माझ्या शेजारी बसले आणि काकू मागे, पिशवीजवळ. घाट उतरताना पिशवी कलंडायला लागली तशा काकू मागून म्हणाल्या, "सवतीलाही पट्टा लावू का?"

पुढच्या रविवारी विमानवाल्यांना पडसं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी वारा होता. मग काकूंच्या पोटात दुखायला लागलं.

आजाराचं मला कुणी सांगितलं नाही. मला ते काट्यावर कळलं. एका शनिवारी विमानवाल्यांनी दोन मुठी वाळू काढली आणि कोपऱ्यातल्या रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकली. पुढच्या शनिवारी आणखी. त्याच्या पुढच्या शनिवारी ओंजळीनं. मी काट्याकडे बघत होतो, ते डब्याकडे बघत होते. पूर्वी पिशवी हलकी करताना ते चेष्टा करत, "आमच्याकडे साबुदाणा बंद झालेला दिसतो." आता नुसता वाळू पडल्याचा आवाज. शेवटी मी विचारलं, "काकू बऱ्या आहेत ना?" त्यांनी पिशवीचं तोंड बांधता बांधता जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. त्या आजाराचं नाव आपल्याकडे घरोघरी हळू आवाजात घेतात.

रविवारी ते घाटावर येत राहिले. लोकांना ते विचित्र वाटलं. बायको आजारी आणि हा विमान उडवतो. काकूच त्यांना घराबाहेर काढत, हे मला ठाऊक होतं. परदेशातली मुलगी येऊन राहिली होती, ती जवळ असे. आणि डॉक्टर म्हणाले होते की उपचारांचा हा फेरा संपला की जरा शक्ती येईल. त्या 'जरा शक्ती'साठी विमानवाले हात बसवत होते, काकूंच्या त्या आठवड्याच्या वजनाला. पिशवी हलकी होत गेली तसं विमानही वेगळं वागायला लागलं. मागचं वजन कमी झाल्यानं उतरणं खरं तर सोपं होत होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच नटबोल्ट तपासायला गेले.

मी काकूंना भेटायला गेलो. पलंगावर बसल्या होत्या, खिडकीशी. अंगावरची शाल त्यांच्यापेक्षा मोठी वाटत होती. मी खुर्ची ओढतो न ओढतो तोच म्हणाल्या, "काट्यावर तुम्हीच असता ना? डबा भरला का?" मला हसायचं होतं, जमलं नाही. "काल म्हणाले, ह्या रविवारी चल. हात बसेल म्हणाले. मी तयार आहे म्हणाले." त्यांनी शाल सारखी केली. "आता ते तयार आहेत. मला पार्ल्याचं स्टेशन येईपर्यंतसुद्धा बसवत नाही."

मग म्हणाल्या, "त्यांना काही बोलू नका. भितात ते. माझ्यासाठीच भितात. मी रागावले असते, पण कशावर रागवायचं?" मी निघालो तेव्हा त्यांनी मला परत हाक मारली. "पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवा. निदान कुणीतरी बघा."

त्या जायच्या आधीच्या शनिवारी विमानवाले नेहमीसारखे आले होते. पिशवी एका हातानं उचलत होती.

दिवसकार्य झालं. मुलगी परत गेली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी पहाटे मी सवयीनं पार्ल्याला जाऊन उभा राहिलो, तर विमानवाले खाली येऊन थांबलेच होते, पिशवी पोटाशी धरून. धावपट्टीवर पोचलो तेव्हा वारा असा होता की विंडसॉक ताठ आडवा झाला होता. मी म्हटलं, "काका, आज नको." त्यांनी पिशवी बसवली, पट्टा बांधला, तो ओढून पाहिला.

"मी येऊ का?" मी विचारलं. डोळे उघडे ठेवा, हे काकूंचं सांगणं माझ्या डोक्यात होतं.

"जागा नाही," ते म्हणाले.

मी खालून बघितलं. विमान तिरकं आलं, वाऱ्याकडे खांदा करून. कुठे घाई नाही, कुठे ओढाताण नाही. धावपट्टीवर आल्यावर नाक सरळ झालं, पंख हलकेच झुकला. एक चाक टेकलं. विमान त्या एकाच चाकावर बराच वेळ धावलं. मग दुसरं टेकलं, मग शेपूट. टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही. डोळे मी पूर्ण वेळ उघडे ठेवले होते, पण माझ्या जागेवरून टाके दिसत नव्हते.

विमान थांबलं, इंजिन बंद झालं. विमानवाले उतरले, मागचा पट्टा सोडला, पिशवी दोन्ही हातांनी बाहेर घेतली. मी धावत गेलो होतो. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात बसला." मग विमानाला टेकून ते खाली बसले आणि मोठ्यानं रडले. उसातून वारा वाहत होता. मी दोर बांधत राहिलो, सगळे बांधून झाल्यावर एकदा सोडले आणि परत बांधले.

त्यानंतर ते विमानात बसले नाहीत. विमान त्यांनी मुलुंडपलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजला देऊन टाकलं, पोरांना शिकायला. गाळा सोडला. तिथे आता मोबाईलची कव्हरं बनतात. राहिली पिशवी. घरी ठेवणं त्यांना जमेना आणि वाळू ओतून टाकणंही जमेना. "तुमच्याकडे राहू दे," म्हणाले. "दार आपटतं ना तुमचं वाऱ्यानं? टेकण लावा." तशी ती माझ्या दाराशी असते.

पावसाळ्यात एका शनिवारी दुपारी विमानवाले आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. मग उठले, दाराशी वाकले आणि पिशवी उचलून काट्यावर ठेवली. बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले. "थोडं भरलंय वजन," म्हणाले. मुंबईच्या दमट हवेतली ओल वाळू ओढून घेते, हे त्यांनीच मला एकदा शिकवलं होतं. मी तो विषय काढला नाही. मीही आकडा बघितला आणि म्हटलं, "हो, भरलंय." त्या दिवशी ते दुसरा कप चहा प्यायले. आणि मग दर शनिवारी यायला लागले.

अडचण झाली ती हिवाळ्यात. हवा कोरडी पडली आणि पिशवी उतरायला लागली. एका शनिवारी त्यांनी आकडा पाहिला, पिशवी दाराशी ठेवली आणि चहाला न थांबता गेले. पाठमोरे जाताना मी त्यांना बघितलं. वारा नव्हता, तरी तिरके चालत होते.

तेव्हापासून थंडीच्या दिवसांत शुक्रवारी गाळा बंद करताना मी पिशवीवर तांब्याभर पाणी शिंपडतो. फार नाही. मागच्या शनिवारी विमानवाल्यांनी पिशवी काट्यावर ठेवली आणि हात तिच्यावर तसाच राहू दिला. तळहात ओला झाला असणार. मी घाईघाईनं शाईचे डबे लावायला घेतले.

"तुमच्या गाळ्यात ओल फार आहे हो," ते म्हणाले.

मी वळून पाहिलं. ते माझ्या कॉलरकडे बघत नव्हते. माझ्या डोळ्यांत बघत होते.

"राहू द्या," ते म्हणाले आणि चहा सांगायला स्वतःच बाहेर गेले.